दर्या आणि दऱ्या

ब्रुसेल्सला जाऊन आलेला माणूस परत आला की तीन गोष्टींचे वर्णन करतो : तिथले चॉकलेट, तिथली लेस, आणि दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभा राहून अहोरात्र लघुशंका करणारा तो हातभर उंचीचा ब्राँझचा पोरगा. मीही हे सारे पाहिले. पण शेजारच्या काकूंनी, "मग, काय काय पाहिलंत?" असे विचारले तेव्हा माझ्या तोंडून आधी निघाले ते, "एक दार." काकूंना वाटले, एखादे ऐतिहासिक दार असेल. तसे काही नव्हते. ते एका वर्गखोलीचे साधे दार होते, आणि त्याच्यापाशी आमची धाकटी मुलगी दोन दिवस फुकट पहारा करीत होती.

'फुकट' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आम्हा बापलेकीत जे काही वाजले ते त्या एका शब्दावरून.

माझा जन्म प्रुफे तपासण्यात गेला. १९७९ साली अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळातल्या छापखान्यात मी चिकटलो तो निवृत्त होईपर्यंत. फर्म्यामागे दर ठरलेला. चूक राहिली तर मालक बोलणार, राहिली नाही तर कोणीच बोलणार नाही. आणि पुस्तक गाजले तरी मुद्रितशोधकाचे नाव त्यात शोधून सापडायचे नाही. अशा माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे कामाला दाम असतो. ज्याला दाम नाही ते काम नव्हे, ती हौस.

धाकटी बेल्जममधल्या लूव्हन गावी संगणकशास्त्राचे शिक्षण घेते. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा आकडा मी येथे लिहीत नाही. दिवाळीचे दिवस आहेत. शनिवार-रविवारी ती एका बेकरीच्या दुकानात काम करून हातखर्च भागवी. थंडीत तिकीट स्वस्त मिळते म्हणून २०२५ च्या जानेवारीअखेर मी तिच्याकडे गेलो. बरोबर सौभाग्यवतींनी दिलेला चिवडा आणि तिळगुळाचे लाडू. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कन्यारत्न म्हणाले, "बाबा, या शनिवार-रविवारी मी दुकानात जाणार नाही. ब्रुसेल्सला फॉसडेमचा मेळा आहे. मी तिथं स्वयंसेविका आहे. तुम्हीही चला."

"देतात किती?"

"टी-शर्ट देतात."

मी गप्प बसलो. माझे गप्प बसणे घरात सर्वांना ऐकू येते.

लूव्हन हे मोठे देखणे विद्यानगर आहे. तिथले विद्यापीठ १४२५ सालचे. त्याचे ग्रंथालय दोन महायुद्धांत, १९१४ आणि १९४० साली, दोनदा जळाले आणि दोनदा उभे राहिले. पण तिसरा घाव घातला तो घरच्याच माणसांनी. डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे यांचे पटेना. १९६८ साली वाद विकोपाला जाऊन विद्यापीठाची दोन शकले झाली. फ्रेंचांनी दूर एक नवे गावच वसवले. मग ग्रंथालयाची वाटणी आली. ती कशी केली असेल? पुस्तकांच्या क्रमांकांवरून! विषम क्रमांक एकाचे, सम क्रमांक दुसऱ्याचे. हे ऐकल्यावर मला आमच्या आजोळची वाटणी आठवली. तिथे तांब्याचे घंगाळ थोरल्या मामांकडे गेले आणि त्याखालची तिवई धाकट्यांकडे.

"आमच्या जगातही वाटण्या होतात," धाकटी म्हणाली. "२०१० साली ओपनऑफिसवाल्यांचं आपसांत पटेना, तेव्हा काहीजण बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. पण बाबा, दोघांकडेही सगळंच्या सगळं राहिलं. घंगाळही आणि तिवईही."

तेव्हा मी नुसता हुंकार भरला. शब्द मात्र डोक्यात राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ब्रुसेल्सला पोचलो. आगगाडीने अर्धा तासही लागत नाही. पण लूव्हनला फक्त डच असलेल्या पाट्या ब्रुसेल्सला येताच दुभाषी होतात. एकाच रस्त्याची दोन नावे, एकाच स्थानकाची दोन नावे. नवखा माणूस दुप्पट चुकतो. रात्री तिथला तो सुप्रसिद्ध चौक पाहिला, ग्राँ-प्लास. १६९५ साली फ्रेंच तोफांनी तो भाजून काढला होता, आणि थोड्याच वर्षांत तिथल्या कारागिरांच्या संघांनी तो पुन्हा उभा केला. पाववाल्यांचे घर, दारू गाळणाऱ्यांचे घर, एकेकाचा सोन्याचा मुलामा दिव्यांत झळकत होता. हे संघ आपल्या धंद्यातली गुपिते जिवापाड जपत. मला ते रास्तच वाटले. गुपित गेले की दाम गेला.

शनिवारी भल्या पहाटे ७१ क्रमांकाच्या बसने निघालो. बाहेर काळोख, काचांवर पावसाची बुरबुर, आणि बसमध्ये पाठीवर पिशव्या घेतलेली मुलेच मुले. फ्लाजेच्या चौकातली तळी मागे टाकून बस चढ चढली आणि विद्यापीठाच्या सोलबॉश नावाच्या आवारापाशी सगळी रिकामी झाली. १८३४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या नावातच 'लिब्र' आहे, म्हणजे मुक्त. फ्रेंचात 'लिब्र' वेगळा आणि 'ग्रातुइ' वेगळा. जसे आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. इंग्रजीत मात्र दोहोंना मिळून एकच 'फ्री' आहे, आणि त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यांना हा सारा प्रकार समजावून सांगताना तोंडाला फेस येतो, असे धाकटी म्हणाली. मराठी बापाला समजावतानाही तो येतो, हे ती बोलली नाही.

फॉसडेम म्हणजे मुक्त संगणक-प्रणाली रचणाऱ्यांची युरोपातली वार्षिक जत्रा. २००० साली सुरू झाली. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. दार उघडे असते, आत यावे. तरी दरवर्षी आठ हजारांवर माणसे लोटतात. चौदाशे खुर्च्यांचे एक मोठे सभागृह आणि भोवती अनेक वर्गखोल्या. दोन दिवसांत व्याख्याने शेकड्यांनी. खोली भरली की दारावर 'भरली' अशी पाटी लागते, आणि मग पंतप्रधान आले तरी आत सोडायचे नाही. आमच्या धाकटीचे काम ते. एरवी घरी मांजराला हाकलताना दहा वेळा विचार करणारी ही मुलगी सहा-सहा फुटी दाढीवाल्यांना हात आडवा करून थांबवत होती, आणि ते निमूटपणे भिंतीला टेकून उभे राहत होते. मला तिने दाराशेजारी एक खुर्ची दिली. पंढरीच्या वारीत म्हाताऱ्याला सावलीत बसवावे तसा मी बसलो आणि पाहू लागलो.

पाहता पाहता काही गोष्टी समजल्या त्या अशा. संगणक-प्रणाली म्हणजे यंत्राने काय करायचे त्याच्या सूचनांची लांबलचक पोथी. बहुतेक धंदेवाले ती पोथी कुलपात ठेवतात. तुम्हाला फक्त तिचा परिणाम मिळतो. ही मुक्तवाली मंडळी पोथी उघडी ठेवतात. कोणीही वाचावी, चूक दाखवावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. माझ्या भाषेत सांगायचे तर, हे असे पुस्तक की ज्याचे प्रूफ साऱ्या जगाला पाठवलेले आहे आणि जे कधीच 'छापण्यास हरकत नाही' म्हणून बंद होत नाही.

याची सुरुवात १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या एका हट्टी माणसाने केली. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, आणि १९९३ साली इयन मर्डॉक या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने त्याभोवती डेबियनचा संसार मांडला. आज माझ्या खिशातल्या फोनच्या पोटात त्या लिनक्सचाच गाभा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात तर जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी एकूण एक त्यावर चालू लागले. पोरांचा छंद म्हणावा तर एवढा!

स्टॉलमनने १९८९ साली एक परवाना लिहिला. त्यात एक अट आहे : घ्या, बदला, वाटा, पण बदललेले वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. त्या शनिवारी माघी गणेश चतुर्थी होती, त्यामुळे मला आपले गणरायच आठवले. व्यासांचे लेखनिक होताना त्यांनी दाम मागितला नाही, पण अट घातली : माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनीही उलट अट घातली : समजल्याशिवाय लिहू नकोस. फुकट होते, पण मोकाट नव्हते.

तरी माझ्यातला जुना माणूस हटेना. दुपारी पावसात उभे राहून बटाट्याचे तळलेले तुकडे खाताना मी विचारलेच, "अगं, पण पगार नसलेल्या माणसावर भरवसा काय? उद्या तो कंटाळला तर?"

मला वाटले ती चिडेल. ती म्हणाली, "कंटाळतात, बाबा," आणि तिने मला २०२४ ची एक हकिकत सांगितली. एक्सझेड नावाची एक छोटी प्रणाली आहे, माहिती दाबून लहान करणारी. जगभरच्या संगणकांत ती असते, आणि तिची निगा राखणारा मुख्यत: एकच माणूस, तोही थकलेला. त्याच्या मदतीला एक अनोळखी गृहस्थ आला. दोन वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला, आणि मग हळूच आत एक चोरदार ठेवून दिले. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला एक साधी गोष्ट खटकली : संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने चोरी उघडी पाडली.

"म्हणजे पोथी उघडी होती म्हणून चोर शिरला," मी म्हणालो.

"आणि उघडी होती म्हणूनच सापडला. पण तो एकटा माणूस थकला होता, हेही खरंच. म्हणून तर जास्त माणसं हवीत, बाबा."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. बटाटे निवत होते.

दाराशी उभे राहणे हे धाकटीचे दोन दिवसांचे काम. बारा महिन्यांचे काम निराळेच होते, आणि ते मला रविवारी सकाळी कळले. एका मुक्त लेखन-प्रणालीत ती मराठीची दुरुस्ती करीत होती. तिने कागदावर दोन शब्द लिहिले : दर्या आणि दऱ्या.

वाचकहो, या दोन शब्दांसाठी मी चाळीस वर्षे डोळे फोडले आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र; 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यांत अख्ख्या पंगतीचा फरक आहे. तो पापणीसारखा अर्धा र ही मराठीची खास ठेव. खिळ्यांच्या काळात केसमध्ये त्याचा खण वेगळा असे, आणि नवखा कंपोझिटर हटकून चुकीच्या खणात हात घाली.

संगणकात म्हणे हा अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा 'र' घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य सांधा ठेवायचा. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात; पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे. एका रीतीने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधायला गेले की सापडत नाही. दोन खणांत ठेवलेले दोन जुळे खिळेच म्हणा ना! धाकटीने यावर सोळा ओळींची दुरुस्ती लिहून पाठवली होती. दोन महिने कोणी पाहिली नाही. मग उत्तर आले, अकरा शंका काढून.

"फुकट काम करायचं आणि वर बोलणी खायची!" मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही लेखकांना प्रुफं परत पाठवायचात तेव्हा ते काय म्हणायचे?"

मी कागद पुढे ओढला. "सातवी शंका काय आहे ती वाच."

ती मी सहज विचारलेली सातवी. पण तीच नेमकी मर्मावर होती. शंका अशी : तो अदृश्य सांधा गाळून तुलना केली, तर हा शब्द दुसऱ्याच एखाद्या शब्दासारखा तर होत नाही ना? उदाहरणे द्या. मी क्षणभर विचार केला आणि मला घाम फुटला. कारण सांधा गाळला की पापणी जाते, वर रफार चढतो, आणि दऱ्यांचा दर्या होतो! धाकटीच्या सोळा ओळींनी सारे सह्याद्रीचे खोरे समुद्रात बुडत होते. आणि ही चूक पकडणाऱ्याला मराठीचे एक अक्षरही वाचता येत नव्हते.

हा गृहस्थ त्या दिवशी तिथेच होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातला, पन्नाशीचा, लाजाळू, हातात थर्मास. मुले झोपली की रात्री दोन तास तो हे काम करतो, असे त्याने सांगितले. उशिराबद्दल त्याने माझ्या मुलीची माफी मागितली. त्याचे इंग्रजी मला अर्धेच समजले, पण माणूस पुरता समजला. ओळीत काहीतरी खटकते, आणि ते काय हे कळेपर्यंत ज्याला पुढचे पान उलटवत नाही, त्या जातीचा तो होता. म्हणजे माझ्या.

"चाचणीसाठी शब्द हवेत," तो म्हणाला. "या भाषेत असे जोडशब्द किती आहेत?"

मी खुर्ची ओढली. दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, मग वाऱ्यावर, बिऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड. तासाभरात मी चाळीस शब्द लिहून दिले. धाकटी दारावर उभी, आत व्याख्यान चाललेले, बाहेर पाऊस. आयुष्यात पहिल्यांदा मी दर न ठरवता काम करीत होतो, आणि मला ते समजले तेव्हा यादी संपत आली होती.

गुऱ्हाळ लिहिताना मात्र हात थबकला. तो शब्द मी पूर्वी एका प्रुफावर तपासला होता. पंचगंगेच्या काठचे एक शाळामास्तर. त्यांनी तीस वर्षे हिंडून शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले होते : मोटेचे, नांगराचे, उसाच्या चरकाचे. ४१२ पानांचा ऐवज. नव्वदीच्या दशकात आमच्या छापखान्यात तो संगणकावर जुळवला. जुळवणीची प्रणाली विकत आणलेली, आणि तिच्याबरोबर बोटाएवढी एक किल्ली. ती यंत्राला खोचली तरच अक्षरे उमटणार. पैशांअभावी पुस्तक लांबले. मग एके दिवशी ती किल्ली बिघडली. नवी मागवावी तर विकणाराच धंदा गुंडाळून गेलेला. दुसऱ्या संगणकावर उघडावे तर अक्षरांची खिचडी. पोथी कुलपात आणि किल्ली पाण्यात, अशी गत झाली. मास्तर दोनदा पुण्याला येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते त्यांच्या मुलाचे पत्र.

मी फक्त प्रुफे तपासली होती. त्यांचे पैसे मला फर्म्यागणिक वेळेवर मिळाले होते. माझे देणे-घेणे पुरे झाले होते. तरी त्या प्रुफांची एक प्रत मी रद्दीत घातली नव्हती. का, ते त्या दारापाशी बसल्यावर कळले.

रविवारी संध्याकाळी मेळा उठला. आठ हजार माणसे पांगली आणि स्वयंसेवकांनी खुर्च्या, तारा, पाट्या आवरायला घेतल्या. मीही एक टोक धरले. काम आटोपल्यावर धाकटीने डबा उघडला. रथसप्तमी मंगळवारी होती, म्हणजे तिळगुळाची मुदत अजून संपलेली नव्हती. एका फ्रेंच पोराने लाडू कडकन फोडला आणि त्याची कृती विचारली. "सांगू का?" धाकटीने मला विचारले. लाडवाचा पाक कधी उतरवायचा हे सौभाग्यवती स्वत:च्या जावेलाही सांगत नाहीत. मी म्हणालो, "सांग." घरी हे अद्याप कळलेले नाही; या अंकातूनच कळेल.

धाकटीची दुरुस्ती एप्रिलमध्ये स्वीकारली गेली. सोळाच्या बावन्न ओळी झाल्या होत्या. त्या प्रणालीच्या जमाखर्चात कोणती ओळ कोणी लिहिली, कोणी तपासली, याची नोंद कायम राहते. धाकटीच्या नावाखाली चाचणीचे शब्द पुरवणारा म्हणून माझे नाव आहे. चाळीस वर्षांत न छापले गेलेले नाव! तिने ते दाखवले तेव्हा मी त्यातले शुद्धलेखन आधी तपासले.

कर्जाचे हप्ते चालूच आहेत. धाकटी पुन्हा बेकरीत जाते, आणि जावेच. दामाशिवाय चूल पेटत नाही, हे माझे मत आजही कायम आहे. मी फक्त एवढेच शिकलो की दाम चुकता झाला म्हणून काम पुरे झाले असे नव्हे.

माळ्यावरची प्रुफे मी खाली काढली आहेत. मास्तरांच्या मुलाला पत्र घातले. त्याची संमती आली, शिवाय गुळाची ढेप आली. रोज दोन पाने टंकतो, कुलूपकिल्ली नसलेल्या अक्षरांत. ज्याला हवी त्याने घ्यावीत, चूक दिसली तर कळवावी. सौभाग्यवती चष्म्यावरून पाहतात आणि काही बोलत नाहीत. त्यांचेही गप्प बसणे घरात सर्वांना ऐकू येते.

काल 'ग'च्या शेवटापर्यंत आलो. 'गुऱ्हाळ' टंकला, आणि मग तोच शब्द दुसऱ्या रीतीने, अदृश्य सांध्याने लिहून शोधून पाहिला.

सापडला.